मावशीचा फ्लॅट आणि ६१ कझिन्स

मंडळी, आज एक सोपा प्रश्न. तुम्ही भाड्याने राहता ते घर कोणाचं? "मालकाचं," असं म्हणून तुम्ही मोकळे व्हाल. बरं, मग त्याच घराच्या खोल्या शनिवार-रविवारपुरत्या तिसऱ्याच माणसाला देऊन चार पैसे कमावले तर? इथे मात्र लगेच दोन तट पडतात. अर्धे म्हणतात, ही सरळसरळ फसवणूक. उरलेले अर्धे म्हणतात, "भाडं वेळेवर मिळतंय ना? मग मालकाच्या पोटात का दुखावं?"

दुसऱ्या तटातले लोक वाईट नसतात. आपल्यातलेच असतात. ईएमआय, पेट्रोल, जिम आणि महिनाअखेरीचा ठणठणाट यांतून वाट काढणारे. 'साइड इन्कम' हा शब्द ऐकला की डोळे चमकणारे. म्हणूनच हा विषय आपल्या पानावर घ्यावासा वाटला. यंदाच्या पावसाळ्यात ही भानगड मी अगदी जवळून पाहिली. प्रकरण माझ्या मावशीच्या फ्लॅटचं होतं.

झोपाळा ओळखीचा निघाला

मावशी ठाण्यात राहते. तीस वर्षं खासगी शाळेत गणित शिकवलं, पेन्शन नाही. फंडाचे पैसे हातात आले तेव्हा काकांच्या हौसेखातर लोणावळ्याला, तुंगार्लीत, एक टू बीएचके घेतला. काका गेल्यावर तिथे एकटीने जाऊन राहणं तिला जमेना. म्हणून फ्लॅट भाड्याने दिला. महिना २२,००० रुपये, डिपॉझिट ७५,०००. या २२,००० वर मावशीचा किराणा, औषधं आणि कामवाल्या बाईंचा पगार चालतो. थोडक्यात, हा फ्लॅट म्हणजे तिची पेन्शनच.

भाडेकरू आपल्याच वयाचा. पुण्यात आयटीमध्ये, वर्क फ्रॉम होम, "आंटी, मला फक्त शांतता हवीय" असं म्हणणारा. कागदपत्रं चोख, लीव्ह अँड लायसन्सचा करार रीतसर नोंदवलेला, भाडं दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात जमा. मावशी खूश.

जुलैत आमच्या ग्रुपचं पावसाळी ट्रिपचं ठरत होतं. एका मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर एका बुकिंग अ‍ॅपची लिंक टाकली. 'लोणावळा, टू बीएचके, मिस्टी व्ह्यू, रस्टिक स्विंग, आठ जणांची सोय, एका रात्रीचे ६,५००.' फोटो उघडला आणि मी बघतच राहिले. तो 'रस्टिक स्विंग' म्हणजे काकांनी कराडहून आणलेला सागवानी झोपाळा!

मावशीला फोटो पाठवला. ती आधी म्हणाली, "अगं, असेल दुसऱ्या कोणाचा. असे झोपाळे काय कमी आहेत?" मग दोन मिनिटं काहीच नाही. आणि मग, "डाव्या कडीला लाल दोरा आहे बघ. तो मी बांधलाय."

गणिताच्या बाईंना हिशोब सांगावा लागत नाही. महिन्यातले आठ वीकएंडच्या रात्री धरल्या तरी ५२,००० रुपये. त्यातून मावशीचे २२,००० गेले की हातात ३०,०००. साफसफाई आणि अ‍ॅपचं कमिशन वजा करा, तरी बऱ्यापैकी पगार झाला. तोही दुसऱ्याच्या झोपाळ्यावर.

"प्रॉब्लेम काय आहे, आंटी?"

मावशीने त्याला फोन लावला. मी स्पीकरवर ऐकत होते. पठ्ठ्याने नाकारलं नाही. उलट समजावणीच्या सुरात म्हणाला, "आंटी, भाडं वेळेवर येतं, मेंटेनन्स मी भरतो. मी सध्या बाणेरलाच असतो. घर बंद राहून ओल धरण्यापेक्षा वापरात राहिलेलं काय वाईट? प्रॉब्लेम काय आहे?"

फोन ठेवल्यावर मावशी मला विचारते, "तो म्हणतो त्यात चूक काय आहे गं?" बघा, समोरचा इतक्या आत्मविश्वासाने बोलतो की घरमालकिणीलाच वाटायला लागतं, आपणच कटकट करतोय!

त्याच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्याच शनिवारी मिळालं. रात्री दीड वाजता सोसायटीच्या सेक्रेटरींचा मावशीला फोन. फ्लॅटमध्ये पार्टी, भांडण, आणि एक मुलगा जिन्यावरून पडून डोकं फुटलं. शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं होतं. हवालदारांनी पाहुण्यांना शांत केलं, मुलाला दवाखान्यात पाठवलं आणि मग साहजिक प्रश्न विचारला, "फ्लॅट कोणाच्या नावावर?" ठाण्याच्या घरात, दिवा लावून, सत्तरीतली माझी मावशी फोनवर स्वतःच्या नावाचं स्पेलिंग सांगत होती.

मुलाला चार टाके पडले, तो बरा आहे. पण समजा तो जिन्यावरून नाही, गॅलरीतून पडला असता तर? पाहुण्यांचं नाव भाडेकरूला माहीत, भाडेकरूचा पत्ता बाणेरचा, आणि कागदावर मावशी. 'मालकाला काय त्रास' म्हणणाऱ्यांसाठी हा त्रास. कमाई एकाची आणि जबाबदारी दुसऱ्याची, आणि त्या दुसऱ्याला कोणी विचारलेलंसुद्धा नाही.

नाटकाचं तिकीट आणि फ्लॅटची किल्ली

आता जरा कायद्याकडे वळू. घाबरू नका, बोअर करणार नाही.

आपण सगळे बिनधास्त 'भाडेकरार' म्हणतो. पण महाराष्ट्रात हल्ली बहुतेक घरं 'लीव्ह अँड लायसन्स'वर दिली जातात, आणि त्याचा अर्थ वेगळा आहे. १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ५२ प्रमाणे लायसन्स म्हणजे नुसती परवानगी. मालकाच्या जागेत राहायची मुभा. त्या जागेत तुमचा कसलाही हक्क तयार होत नाही. आणि कलम ५६ तर भारीच आहे. त्यानुसार करमणुकीच्या ठिकाणी जाण्याचं लायसन्स, म्हणजे नाटकाचं तिकीट म्हणा, दुसऱ्याला देता येतं. पण एरवी लायसन्स दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. नाटकाचं तिकीट मित्राला द्या, खुशाल द्या. फ्लॅटची किल्ली नाही! सव्वाशे वर्षांहून जुन्या कायद्याने हे इतकं स्वच्छ लिहून ठेवलंय.

जे जुन्या पद्धतीने 'भाडेकरू' आहेत, त्यांनाही सूट नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ (लागू ३१ मार्च २००० पासून) याच्या कलम २६ प्रमाणे करारात तशी मुभा नसेल तर पोटभाडेकरू ठेवता येत नाही, आणि कलम १६ प्रमाणे बेकायदा पोटभाडेकरू ठेवणं हे घर खाली करून घ्यायला पुरेसं कारण आहे.

आपल्या आई-वडिलांची पिढी 'भाडेकरू' म्हटलं की दचकते, त्यालाही कारण आहे. १९४७ च्या जुन्या मुंबई भाडे कायद्याखाली एकदा आत आलेला माणूस सहजी बाहेर निघत नसे. त्यात १९७३ साली कायद्यात बदल झाला आणि १ फेब्रुवारी १९७३ ला लायसन्सवर जागेत असलेले लोक भाडेकरू मानले गेले. ती भीती अजून घराघरात आहे. पण आज नोंदणी झालेला लीव्ह अँड लायसन्सचा करार असेल, तर मालकाची बाजू बरीच भक्कम असते.

नोंदणी झालेला, हे महत्त्वाचं बरं का. "अकरा महिन्यांचाच तर आहे, नोटरी केलं की झालं," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. महाराष्ट्रात ते चालत नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर, वाद झाला तर अटी-शर्तींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे काम आता घरबसल्या ऑनलाइन होतं, त्यामुळे 'वेळ नाही' ही सबबही उरली नाही.

कुलूप बदलायचं नाही म्हणजे नाही

मारामारीच्या रात्रीनंतर बंगळुरूहून माझ्या मावसभावाचा फोन आला. "मी शुक्रवारी येतो. कुलूप बदलू, त्याचं सामान पॅसेजमध्ये काढून ठेवू. बघू काय करतो ते!" खरं सांगू? ऐकायला फार गोड वाटलं.

मावशी मात्र आधी वकीलबाईंकडे गेली. त्या शांतपणे म्हणाल्या, "कुलूप बदललंत की आत्ता जी केस तुमची आहे, ती त्याची होईल." स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे, कायद्याचा मार्ग सोडून एखाद्याला जागेतून बाहेर काढलं, तर तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागायला कोर्टात जाऊ शकतो. तिथे 'पण घर माझंच आहे' एवढं म्हणून भागत नाही. वीज-पाणी तोडायचं तर नावच नको. भाडेकरूच्या बाबतीत भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने ते सरळ मना केलंय, आणि लायसन्सवर राहणाऱ्याशीही हा खेळ खेळू नका, असं त्यांनी बजावलं.

मग काय केलं? सगळं कागदावर केलं. क्रमाने सांगते.

आधी पुरावा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट घेतले. तारीख, भाव, फोटो, पाहुण्यांचे रिव्ह्यू, सगळं. वकीलबाईंच्या सल्ल्याने एका मित्राने स्वतःच्या नावाने एक रात्र बुक केली आणि पावती घेतली. बुकिंगबरोबर त्याला मेसेज आला, 'गेटवर वॉचमनने विचारलं तर कझिन आहोत सांगा.' सोसायटीने गेट रजिस्टरच्या प्रती दिल्या. तीन महिन्यांत फ्लॅटवर आलेले पाहुणे ६१. सगळ्यांच्या नावापुढे एकच नातं, कझिन. एवढा गोतावळा तर आमच्या आजोळच्या लग्नातही जमला नव्हता!

मग करार वाचला. नीट, चष्मा लावून. त्यात कलम होतंच, की लायसन्सीने जागा स्वतः राहण्यासाठीच वापरायची आणि दुसऱ्या कोणाला वापरायला द्यायची नाही. भंग झाला तर ३० दिवसांची नोटीस देऊन करार संपवायचा अधिकार मालकिणीला.

मग नोटीस. वकिलाच्या लेटरहेडवर, रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह, करारातल्या त्याच्या पत्त्यावर आणि फ्लॅटच्या पत्त्यावरही. सोबत पुराव्याची यादी. भाषा थंड. 'तुला बघून घेते' वगैरे काही नाही.

त्याच वेळी बुकिंग अ‍ॅपकडे तक्रार. मालकीचा कागद, करार आणि 'माझी संमती नाही' असं पत्र. काही दिवसांनी जाहिरात निघाली. आठवड्यात ती दुसऱ्या नावाने पुन्हा दिसली, या वेळी झोपाळ्याशिवाय. पुन्हा तक्रार, पुन्हा स्क्रीनशॉट. हुशारी त्याची, पण पुरावा आमचा वाढत होता.

आणि पोलिसांना लेखी माहिती. या कालावधीत फ्लॅटमध्ये कोण येतं-जातं याची मला कल्पना नाही, माझी संमती नाही, असं पत्र देऊन त्यावर पोच घेतली. पुढे काही घडलं तर हा एक कागद फार मोलाचा.

नोटिशीनंतर पंधरा दिवस साहेबांचा आवाज चढा होता. मग वकिलाला विचारून आला असावा, कारण सूर बदलला. तिसाव्या दिवशी किल्ल्या मिळाल्या. सोफ्याला सिगारेटची तीन भोकं, गीझर बंद, भिंतीवर कोणाच्या तरी बर्थडेचे चिकटपट्टीचे डाग. दोन्ही बाजूंनी फोटो काढून, खर्चाची यादी करून, उरलेलं डिपॉझिट परत दिलं आणि 'जागेचा ताबा परत दिला' या कागदावर त्याची सही घेतली. मावशीने एक रुपया जास्त कापला नाही. बाई गणिताच्या ना!

तो निघालाच नसता तर? मधेच करार रद्द झाल्यावर लायसन्सी हटून बसला, तर मामला कोर्टात जातो आणि वेळ लागतो. मुदत संपूनही बसला, तर मात्र कलम २४ कामाला येतं. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, नोंदवलेला करार हाच तिथे पुरावा, आणि घर खाली करेपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई. म्हणून मुदत आणि नोटिशीचं कलम, दोन्हीकडे सही करतानाच लक्ष हवं.

जगभर हीच डोकेदुखी

हे फक्त लोणावळ्याचं दुखणं नाही. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर नोंदणी लागते, यजमान स्वतः घरात हवा आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. बार्सिलोनाने जून २०२४ मध्ये जाहीर केलं की शहरातल्या १०,१०१ पर्यटक-फ्लॅट्सचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपतील, नवे मिळणार नाहीत. तिथे खुद्द मालकांना वेसण घातली जातेय, कारण राहणाऱ्यांना घरं परवडेनात. आपल्याकडे तर अजून पहिल्याच पायरीवर गाडी अडलीय. मालकाला निदान विचारा तरी!

आणि विचारलं तर मार्ग आहेत. मालकाची लेखी संमती घ्या, नफ्यातला वाटा ठरवा, सोसायटीशी बोला. स्वतःचं घर असेल तर राज्याच्या पर्यटन संचालनालयाची 'निवास व न्याहारी' योजना आहे. पाहुण्यांचं ओळखपत्र घ्या. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांत कळवायची असते. एवढी कटकट नको? मग हा धंदा तुमच्यासाठी नाही.

जाता जाता, कापून फ्रीजवर लावा

घर देताय? आई-बाबांचं असलं तरी करार तुम्ही वाचा. 'पर्यटक, पाहुणे किंवा कोणत्याही अ‍ॅपवरून अल्प मुदतीसाठी जागा देणार नाही' हे वाक्य स्पष्ट लिहून घ्या. जागा बघायला यायचा हक्क, आधी कळवून, करारात ठेवा. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवा. वॉचमनकाकांचा नंबर जपून ठेवा आणि दिवाळीला त्यांना विसरू नका.

घर घेताय? आई-वडील चार दिवस राहायला आले किंवा मित्र वीकएंडला आला, तर तो पाहुणचार. पैसे घेतलेत की तो धंदा. रेषा इतकी सोपी आहे.

ट्रिपसाठी बुक करताय? होस्टला सरळ विचारा, "घर तुमचं आहे का? सोसायटीला माहीत आहे का?" आणि 'गेटवर कझिन सांगा' असा मेसेज आला, तर मंडळी, पैसे अडकायच्या आत बुकिंग रद्द करा. रात्री दीड वाजता पोलीस दारात उभे राहिले की ते नातं कुणीच सांगत नाही.